एका हरलेल्या हंगामाचा हिशेब

जिंकलेल्या सामन्याची आठवण शाळेत वर्षानुवर्षे सांगितली जाते. ढाल कपाटात राहते, छायाचित्र भिंतीवर लागते, आणि नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यालाही अमुक साली आपण अमुक संघाला नमविले हे चार दिवसांत कळते. हरलेल्या हंगामाचे तसे नाही. तो लवकर विसरला जावा अशीच सर्वांची इच्छा असते. आणि विसरण्यापूर्वी त्याचा दोष कोणाच्या तरी पदरी घालून मोकळे व्हावे, अशीही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका हरलेल्या हंगामाचा अभ्यास मांडीत आहोत. तो हंगाम आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, म्हणजे १९५९ सालचा आहे. परंतु त्याच्याकडे आम्ही वळलो ते आमच्याच एका पराभवामुळे. म्हणून प्रथम तेवढी हकीगत सांगणे प्राप्त आहे.

या वर्षी आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाला नवे क्रीडाशिक्षक लाभले. सुरतेतील इतर शाळांशी आमचे पाच सामने झाले आणि ते पाचही आम्ही हरलो. पाचव्या सामन्यानंतर संघातील अकरा जणांनी सह्या करून मुख्याध्यापकांकडे एक अर्ज नेला. नवे सर आम्हांला खेळू देण्याऐवजी मैदानाला फेऱ्या घालावयास लावतात, जागा सतत बदलतात, सबब पूर्वीचीच व्यवस्था पुन्हा सुरू करावी, असा त्या अर्जाचा आशय होता. मुख्याध्यापकांनी अर्ज शांतपणे वाचला, घडी घातली आणि आमच्याच हाती परत दिला. ते म्हणाले, "दोष कोणाचा हे तुम्ही लिहिले आहे, काय घडले ते मात्र कोठेच लिहिलेले नाही. आधी ते लिहून आणा, मग अर्जाचे पाहू." काय घडले ते कसे लिहावयाचे, हे आम्हांस उमजेना. तेव्हा इतिहासाच्या सरांनी सुचविले, की ज्याच्याशी तुमचे भांडण नाही असा एखादा पराभव आधी अभ्यासा. दुसऱ्याच्या हिशेबावर हात बसला की स्वतःचा हिशेब मांडता येतो. त्यांनीच आमच्यापुढे १९५९ सालचा भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा ठेवला. खेळ निराळा असला तरी प्रश्न तोच होता: नव्या नायकाच्या हाताखाली संघ एकामागून एक सामने हरत गेला, तर त्याचा अर्थ काय करावयाचा?

नवा नायक

त्या संघाचे कर्णधार होते दत्ताजीराव कृष्णराव गायकवाड. गुजरातेत राहून मराठी शिकणाऱ्या आम्हां मुलांना हे नाव जवळचे वाटावे, कारण ते बडोद्याचे. दिनांक २७ ऑक्टोबर १९२८ रोजी बडोद्यात त्यांचा जन्म झाला आणि आयुष्यभर ते त्याच नगराचे राहिले. १९५७-५८ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात सेनादलाच्या संघाचा डावाने पराभव झाला, आणि त्या सामन्यात कर्णधाराने शतकही काढले. तेव्हा १९५९ साली त्यांच्यावर भारतीय संघाची धुरा आली, ती अगदीच अनोळखी खांद्यांवर आली असे म्हणता येणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज कोणत्याही मोठ्या संघाबरोबर मुख्य प्रशिक्षक असतो. फलंदाजीचा, गोलंदाजीचा आणि क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक वेगळा असतो. त्या काळी यांपैकी कोणीही नसे. संघाबरोबर व्यवस्थापक असत. या दौऱ्यावर ते काम बडोद्याचेच फत्तेसिंहराव गायकवाड यांच्याकडे होते. पण मैदानावर काय करावयाचे, कोणाला कसे शिकवावयाचे, धीर सुटलेल्याला धीर कसा द्यावयाचा, हे सर्व कर्णधाराने पाहावयाचे. आमच्या शाळेत जे काम क्रीडाशिक्षक करतात आणि जे संघनायक करतो, ती दोन्ही कामे त्या दिवसांत एकाच माणसाकडे होती. म्हणूनच यश आले तर ते अकरा जणांचे आणि अपयश आले तर ते एकट्या कर्णधाराचे, असा व्यवहार सहज रूढ झाला.

पाच सामने

आता निकाल पाहू. पहिली कसोटी जून महिन्यात नॉटिंगहॅम येथे झाली. इंग्लंडच्या ४२२ धावांना भारताने २०६ आणि १५७ धावांनी उत्तर दिले; पराभव एक डाव आणि ५९ धावांनी. दुसरी कसोटी लॉर्ड्स येथे. दत्ताजीराव आजारी पडल्यामुळे पंकज रॉय यांनी नेतृत्व केले. भारताचे डाव १६८ आणि १६५ धावांत आटोपले आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. तिसरी कसोटी लीड्स येथे. भारत १६१ आणि १४९, इंग्लंड ८ बाद ४८३. पराभव एक डाव आणि १७३ धावांनी. चौथी मँचेस्टर येथे, १७१ धावांनी पराभव. पाचवी लंडनच्या ओव्हल मैदानावर. भारत १४० आणि १९४, इंग्लंड ३६१. पराभव एक डाव आणि २७ धावांनी. पाच कसोटींच्या मालिकेतील पाचही सामने जिंकण्याची इंग्लंडची ती पहिलीच वेळ होती.

केवळ निकालाकडे पाहिले तर या पाच ओळी सारख्याच दिसतात. आम्हीही प्रथम तेवढेच पाहिले आणि कर्णधार दुबळा होता असा निष्कर्ष काढून वही मिटली. इतिहासाच्या सरांनी ती पुन्हा उघडावयास लावली आणि सर्व डावांच्या धावा एकाखाली एक मांडून बेरीज करावयास सांगितली. तेव्हा जे दिसले ते असे.

भारताच्या दहा डावांच्या मिळून १९२४ धावा झाल्या. म्हणजे डावामागे सरासरी १९२. दहांपैकी केवळ तीन डावांनी दोनशेचा आकडा ओलांडला. पहिल्या डावांपुरते पाहिले तर पाच सामन्यांत भारताच्या एकूण ८८३ आणि इंग्लंडच्या १९८२ धावा झाल्या. म्हणजे प्रत्येक सामन्याचा निकाल बहुतांशी पहिल्याच डावात लागत होता. दुसऱ्या डावात भारतीय संघ जिंकण्यासाठी नव्हे, तर तोंडचे पाणी पळू नये म्हणून खेळत होता. याला अपवाद एकच. लॉर्ड्सच्या सामन्यात पहिल्या डावाअखेर भारत अवघ्या ५८ धावांनी मागे होता. मुंबईचे रमाकांत देसाई यांनी तेथे ८९ धावांत पाच बळी घेतले. त्यांचे वय तेव्हा वीस वर्षांचे! म्हणजे गोलंदाज आपले काम करीत होते. सुभाष गुप्ते यांनी तर मालिकेत १७ बळी घेतले. पण जो संघ डावामागे दोनशे धावाही काढीत नाही, त्याच्या गोलंदाजांनी किती लढावे?

कारणांचा शोध

धावा का होत नव्हत्या? याचे पहिले कारण वेगवान गोलंदाजी. इंग्लंडकडे फ्रेड ट्रुमन आणि ब्रायन स्टॅथम हे दोन जलद गोलंदाज होते. त्यांपैकी ट्रुमन यांनी मालिकेत २४ बळी मिळविले. त्या गतीचा आणि उसळीचा सराव देणारे गोलंदाज आपल्या देशात फार थोडे होते. आपल्याकडील संथ खेळपट्ट्यांवर फिरकी गोलंदाजी फुलली. परंतु जो चेंडू कानाजवळून जातो तो कसा खेळावा, हे फलंदाजाला घरी बसून कळत नाही. हे दुखणे नवे नव्हते. १९५२ साली लीड्स येथे भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव न होता चार गडी बाद झाले होते. ते चौघे म्हणजे पंकज रॉय, माधव मंत्री, विजय मांजरेकर आणि पहिलाच कसोटी सामना खेळणारे दत्ताजीराव गायकवाड. सात वर्षांनी तेच दत्ताजीराव कर्णधार म्हणून लीड्सला आले तेव्हा प्रतिपक्षात ट्रुमन होतेच, आणि आपल्याकडे त्या गतीला उत्तर अजूनही नव्हते. जी उणीव सात वर्षांत देशाने भरून काढली नाही, ती एका कर्णधाराने एका उन्हाळ्यात भरून काढावी ही अपेक्षा न्याय्य म्हणता येईल काय?

दुसरे कारण दुखापती. नरी कॉन्ट्रॅक्टर यांनी लॉर्ड्सच्या पहिल्या डावात बरगडी मोडलेली असताना ८१ धावा काढल्या. चंदू बोर्डे बोटाच्या दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू शकले नाहीत. मांजरेकरांचा गुडघा दुखावला आणि पहिल्या दोन कसोटींनंतर ते संघाबाहेर राहिले. स्वतः कर्णधार आजारी पडले ते वर सांगितलेच आहे.

तिसरे कारण कर्णधाराचे स्वतःचे अपयश, आणि ते लपविणे योग्य होणार नाही. संपूर्ण दौऱ्यात, कौंटी संघांविरुद्धचे सामने धरून, दत्ताजीरावांनी अकराशेहून अधिक धावा काढल्या. परंतु कसोटी सामन्यांत त्यांना एकही अर्धशतक करता आले नाही. संघ कोसळत असता नायकाने एक टोक धरून ठेवावे ही अपेक्षा असते. ती पूर्ण झाली नाही.

चौथे कारण: सात नायक

वरील तीन कारणे आम्हांला थोडीफार अपेक्षित होती. चौथे कारण मात्र आम्ही इंग्लंडच्या दौऱ्यात शोधीत होतो आणि ते सापडले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात.

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. पाच कसोटींपैकी तीन आपण हरलो. कोलकात्याचा सामना तर एक डाव आणि ३३६ धावांनी. कानपूरच्या कसोटीत सुभाष गुप्ते यांनी एका डावात १०२ धावा देऊन नऊ बळी घेतले, तरीही सामना २०३ धावांनी गेला. पराभवाबरोबर नायकही बदलत गेले. मुंबईला पॉली उम्रीगर कर्णधार होते, कानपूर आणि कोलकाता येथे गुलाम अहमद, मद्रासला विनू मंकड आणि दिल्लीला हेमू अधिकारी. मद्रासच्या सामन्यासाठी वस्तुतः उम्रीगर यांची नेमणूक झाली होती. पण संघनिवडीवरून मतभेद होऊन ऐन सामन्याच्या तोंडावर त्यांनी पद सोडले. पाच सामन्यांत चार कर्णधार झाले! त्यानंतर इंग्लंडमध्ये दत्ताजीराव आणि लॉर्ड्सपुरते पंकज रॉय. आणि परत आल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुलाबराय रामचंद. नोव्हेंबर १९५८ ते डिसेंबर १९५९ या सुमारे तेरा महिन्यांत भारतीय संघाने सात नायक पाहिले.

हा आकडा आम्ही फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. ज्या संघाला पुढच्या सामन्यात आपला नायक कोण असेल हे ठाऊक नसते, त्या संघातील खेळाडूने कोणाचा सल्ला मनावर घ्यावा? नव्या नायकानेही आपल्या योजनेचे फळ कधी पाहावे? आमच्यापैकी अनेकांचे वडील उधना आणि लिंबायत भागातील कारखान्यांत यंत्रमागावर काम करतात. त्यांच्यापैकी एकाने आपल्या मुलाला जे सांगितले ते आम्हांला फार पटले. धागा तुटला की कारागीर माग थांबवितो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. धागा तुटलाच नाही असे समजून माग चालू ठेवणारा कारागीर कापड बिघडवितो. आणि प्रत्येक तुटलेल्या धाग्यासाठी माग बदलणाऱ्याचे कापड कधी विणूनच होत नाही.

मँचेस्टरचा डाव

निकालांच्या पाच ओळींत आणखी एक गोष्ट झाकली गेली होती. मँचेस्टरच्या चौथ्या कसोटीत इंग्लंडने ४९० धावा केल्या आणि भारताचा पहिला डाव २०८ धावांत संपला. इंग्लंडने पुन्हा फलंदाजी करून भारतापुढे विजयासाठी ५४८ धावांचे अशक्यप्राय आव्हान ठेवले. या सामन्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या अब्बास अली बेग या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला संघात बोलावून घेण्यात आले होते. आपल्या पहिल्याच कसोटीत त्याने ११२ धावा काढल्या. उम्रीगर यांनी ११८ धावा केल्या. भारताचा डाव ३७६ धावांपर्यंत गेला. संपूर्ण मालिकेत भारताकडून झालेली दोन शतके ती हीच, आणि दोन्ही एकाच डावातील. सामना हरलाच, परंतु याच गोलंदाजांपुढे, याच मालिकेत, पावणेचारशे धावा होऊ शकतात हे त्या दिवशी सिद्ध झाले. निकालाच्या रकान्यात पराभव एवढेच लिहिले जाते; पुढच्या यशाचे बीज त्या रकान्यात दिसत नाही, ते डावाच्या तपशिलात शोधावे लागते.

कानपूर, डिसेंबर १९५९

इंग्लंडहून परतल्यानंतर चार महिन्यांच्या आतच रिची बेनॉ यांचा बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघ भारतात आला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत भारत पुन्हा डावाने हरला. दुसरी कसोटी कानपूर येथे १९ डिसेंबरला सुरू झाली. तेथील खेळपट्टी नव्याने तयार केलेली होती. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी ती पाहून अहमदाबादचे ऑफस्पिन गोलंदाज जसू पटेल यांना संघात घेण्याचा आग्रह धरला. पटेल तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांना नेलेले नव्हते.

भारताचा पहिला डाव १५२ धावांत संपला. नेहमीचीच गोष्ट, असे कोणालाही वाटले असते. पण जसू पटेल यांनी ६९ धावांत नऊ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला २१९ धावांवर रोखले. दुसऱ्या डावात भारताने २९१ धावा केल्या. त्यांत कॉन्ट्रॅक्टर यांच्या ७४ आणि रामनाथ केणी यांच्या ५१ धावा होत्या, आणि बोर्डे, नाडकर्णी व बेग यांनीही मोलाची भर घातली. ऑस्ट्रेलियाला २२५ धावा हव्या होत्या. पटेल यांनी आणखी पाच आणि उम्रीगर यांनी चार बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा डाव १०५ धावांत आटोपला. भारत ११९ धावांनी विजयी झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामन्यातील तो भारताचा पहिला विजय होय.

या विजयाचा अर्थ लावताना आमच्यात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, पाहा, नायक बदलला आणि विजय मिळाला. तेव्हा आमचा अर्ज बरोबरच होता. दुसरा पक्ष म्हणाला, हे खेळाडू कोण होते ते पाहा. रॉय, कॉन्ट्रॅक्टर, उम्रीगर, बेग, बोर्डे, नाडकर्णी हे सर्व इंग्लंडमध्ये हरलेलेच होते. ट्रुमन आणि स्टॅथम यांना एक उन्हाळाभर तोंड दिलेले फलंदाज कानपूरला डेव्हिडसन यांच्यापुढे उभे राहिले. पराभवाच्या हंगामात जे शिक्षण झाले, त्याची फी इंग्लंडमध्ये भरली गेली आणि विद्या कानपूरला उपयोगी पडली.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे शेवटी आम्हांला वाटले. कानपूरला बदल झाला हे खरे; पण तो कोणत्या प्रकारचा होता? मागील हिवाळ्यात पराभव व वादविवादांच्या गोंधळात कर्णधारपद या हातातून त्या हातात गेले. त्यामुळे काहीही सुधारले नाही. जसू पटेल यांची निवड मात्र खेळपट्टी डोळ्यांनी पाहून, तिला काय हवे याचा विचार करून केलेली होती. रागाने केलेला बदल आणि अभ्यासाने केलेला बदल बाहेरून सारखेच दिसतात. त्यांचे परिणाम मात्र भिन्न असतात. शिवाय एका विजयाने सर्व संपले असेही नाही. ती मालिका ऑस्ट्रेलियानेच दोन विरुद्ध एक अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्यासाठी भारताला १९६१-६२ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा कर्णधार होते गुजरातचे नरी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे लॉर्ड्सवर मोडक्या बरगडीने उभे राहिलेले तेच फलंदाज. कोलकाता आणि मद्रास येथील सामने जिंकून भारताने ती मालिका दोन विरुद्ध शून्य अशी जिंकली.

नायकाचे पुढे काय झाले?

दत्ताजीरावांना भारताचे नेतृत्व पुन्हा मिळाले नाही. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत ते शेवटचा कसोटी सामना खेळले. अकरा कसोटींत ३५० धावा, एवढाच त्यांचा कसोटीतील आकडा राहिला. परंतु इंग्लंडहून परतल्यावर ते खेळ सोडून घरी बसले नाहीत. त्याच १९५९-६० च्या हंगामात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या ठरली. बडोद्याच्या क्रिकेटशी त्यांचा संबंध पुढे दीर्घकाळ टिकला. त्यांचे पुत्र अंशुमान गायकवाड यांनी भारतातर्फे चाळीस कसोटी सामने खेळले आणि १९९७ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ज्या पदाचा आधार पित्याला कधी मिळाला नाही, त्या पदावर पुत्र बसला. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली येथे अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानविरुद्ध एका डावात दहाही बळी घेतले आणि जसू पटेल यांचा नऊ बळींचा चाळीस वर्षांचा भारतीय विक्रम मागे पडला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक अंशुमान हेच होते. दत्ताजीराव १३ फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी बडोद्यात निधन पावले. त्या वेळी ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते. पाच विरुद्ध शून्य हा आकडा त्यांच्या नावापुढे कायमचा लिहिला गेला, हे खरे. पण त्या पाचांपैकी एका सामन्यात ते मैदानावर नव्हतेच, आणि उरलेल्या चारांत त्यांच्याबरोबर आणखी दहा जण होते, हे त्या आकड्यात लिहिलेले नाही.

आमचा हिशेब

आता आमच्या अर्जाकडे वळू. ज्या रीतीने आम्ही १९५९ सालचे डाव मांडले, त्याच रीतीने आमचे पाच सामने मांडले. निकाल असे होते: चार-शून्य, तीन-एक, तीन-शून्य, दोन-एक आणि एक-शून्य, सर्व आमच्या विरुद्ध. आम्हांवर एकूण तेरा गोल झाले आणि आम्ही दोन केले. पहिल्या तीन सामन्यांत दहा गोल झाले होते, शेवटच्या दोहोंत मिळून केवळ तीन. ही घट अर्ज लिहिताना आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

यानंतर प्रत्येक गोल केव्हा झाला ते आठवून लिहिले. आमच्या गोलरक्षकाला सर्व गोल वेळेसह पाठ होते. त्या बिचाऱ्याला ते विसरता येत नव्हते. तेरांपैकी आठ गोल खेळाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत झाले होते. म्हणजे आम्ही कौशल्यात जेवढे कमी पडलो, त्याहून अधिक दमात कमी पडलो. आणि आमची मुख्य तक्रार कोणती होती? सर मैदानाला फार फेऱ्या घालावयास लावतात! ज्या औषधाची आम्हांस गरज होती, त्याच्याच कडवटपणाविषयी आम्ही अर्ज लिहिला होता. हे कळले तेव्हा आम्हांला स्वतःची लाज वाटली, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

तथापि हिशेब दोन्ही बाजूंनी असतो. आमच्या बचावफळीत पाच सामन्यांत चार वेळा बदल झाले होते. आज जो उजवीकडे, तो उद्या मध्यभागी. शेजारचा खेळाडू चेंडू सोडील की अडवील हे कोणालाच उमजत नसे. सात नायकांची गोष्ट आम्हांला येथे आठवली. हा दोष आमचा नव्हता. आणि तो न सांगता गप्प बसणे हाही प्रामाणिकपणा झाला नसता.

आम्ही दुसरा कागद घेतला. त्यावर कोणाला काढावे वा ठेवावे याचा उल्लेख नव्हता. पाच सामन्यांचा तक्ता होता, गोलांच्या वेळा होत्या, आणि खाली दोन वाक्ये होती. फेऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही. बचावफळी मात्र निदान पुढील तीन सामने एकच ठेवावी, अशी विनंती आहे. हा कागद घेऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे नव्हे, तर थेट सरांकडे गेलो. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग ते म्हणाले, "जागा मी बदलीत गेलो, कारण कोण कोठे शोभतो हे मलाही अजून कळलेले नव्हते. हे तुम्हांला आधीच सांगावयास हवे होते, ते माझ्याकडून राहिले. बचावफळी आता बदलणार नाही. फेऱ्या मात्र दोनने वाढतील." पहिला अर्ज आमच्या संघनायकाने त्यांच्या देखतच फाडला, त्यात काय होते हे त्यांनी विचारले नाही.

पुढील वर्षी आम्ही जिंकू, असे अभिवचन या लेखातून आम्ही देऊ शकत नाही. इंग्लंडहून परतलेला संघ दिल्लीला पुन्हा हरलाच होता. आमच्यापैकी काही जण शालान्त परीक्षा देऊन शाळा सोडतील आणि त्यांच्या वाट्याला विजय न येताच त्यांचा शालेय खेळ संपेल. त्यांच्यासाठी व पुढे येणाऱ्या खेळाडूंसाठी आम्ही एक वही तयार केली आहे. तीत या हंगामाचे पाचही सामने तपशीलवार लिहिले असून ती ढालींच्या कपाटातच ठेवण्याची अनुज्ञा मुख्याध्यापकांनी दिली आहे. ढाल एकही न मिळालेल्या वर्षाची एवढीच वस्तू त्या कपाटात असेल. जे विद्यार्थी पुढे हरतील त्यांनी अर्ज लिहिण्यापूर्वी ती वही एकदा उघडावी, आणि आपल्या हंगामाची पाने तिला जोडावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.